वर्गणी कशाची?

मराठीत पैसे देण्याच्या क्रियेला निरनिराळी नावे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुकानात आपण किंमत देतो, घरमालकास भाडे देतो, सरकारास कर देतो, देवापुढे दक्षिणा ठेवतो. 'वर्गणी' हा शब्द या सर्वांहून वेगळा आहे. गणेशोत्सवाची वर्गणी देणारा मूर्ती विकत घेत नाही आणि मंडप भाड्यानेही घेत नाही. चारचौघांनी मिळून चालविलेल्या एका कार्यात तो आपला वाटा उचलतो. नियतकालिकासाठी आणि ग्रंथालयासाठी आपल्या मागच्या पिढ्यांनी हाच शब्द योजिला, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. अंक विकत घेणारा तो गिऱ्हाईक. वर्षाचे पैसे आगाऊ भरून, पुढचा अंक कसा निघेल हे ठाऊक नसताना संपादकावर विश्वास टाकणारा तो वर्गणीदार.

या जुन्या शब्दाचा विचार करण्यास एक निमित्त घडले. आमच्या परिचयाच्या एका जुन्या मराठी ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळापुढे अलीकडे एकाच सभेत दोन सूचना आल्या. कोणा दात्याच्या ठेवीच्या व्याजातून तेथे इंग्रजी साहित्यसमीक्षेचे एक नियतकालिक बरीच वर्षे येत असे. पहिली सूचना अशी की, त्याचा छापील अंक बंद करून त्याऐवजी ऑनलाइन संग्रहाची वर्गणी भरावी, म्हणजे पहिल्या अंकापासूनचे सर्व लेख सभासदांस खुले होतील. दुसरी सूचना अशी की, मागील खोलीतील जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड निकालात काढून ती जागा अभ्यासिकेस द्यावी. दोन्ही सूचनांचे कारण एकाच वाक्यात दिले होते: आता सारे काही संगणकावर मिळते.

आमच्या मते यातील पहिली सूचना काही अटींवर स्वीकारण्याजोगी आहे आणि दुसरी मुळीच स्वीकारण्याजोगी नाही. कारण एकच असताना निष्कर्ष दोन का, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. वरवर हा व्यवस्थापनाचा प्रश्न दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. जे आपण आपल्याजवळ ठेवीत नाही, त्याचे विश्वस्त आपण म्हणवून घेऊ शकतो काय?

प्रथम ज्या प्रकारच्या नियतकालिकांविषयी आपण बोलत आहोत त्यांची ओळख करून घेऊ. ग्रंथपरीक्षणास वाहिलेली तीन नियतकालिके इंग्रजी वाचकांच्या जगात विशेष मानली जातात. लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकाची पुरवणी म्हणून १९०२ साली 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट' सुरू झाले; १९१४ पासून ते स्वतंत्रपणे विकले जाऊ लागले. 'न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स' १९६३ साली निघाले ते एका संपामुळे. डिसेंबर १९६२ ते मार्च १९६३ या काळात न्यू यॉर्कमधील वृत्तपत्रे बंद होती. ग्रंथ प्रसिद्ध होत होते, परंतु त्यांची परीक्षणे छापण्यास आणि जाहिराती देण्यास जागाच उरली नव्हती. जेसन एपस्टाइन, बार्बरा एपस्टाइन, रॉबर्ट सिल्व्हर्स, एलिझाबेथ हार्डविक आणि रॉबर्ट लोवेल या मंडळींनी ती संधी साधली. पहिल्या अंकाच्या लेखकांनी मोबदला घेतला नाही. पुढे १९७८च्या अखेरीस लंडनचा 'टाइम्स' व त्याबरोबर त्याची साहित्यपुरवणीही कामगार-तंट्यामुळे जवळजवळ वर्षभर बंद राहिली. त्या पोकळीतून ऑक्टोबर १९७९ मध्ये कार्ल मिलर यांच्या संपादनाखाली 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स' जन्मास आले. पहिले काही महिने ते न्यू यॉर्कच्या पत्राच्या पोटात घालून वितरित होत असे.

या तीन जन्मकथांतून एक गोष्ट ध्यानात येते. परीक्षणे बंद पडली की ग्रंथ छापले जाऊनही मुके राहतात, हे त्या त्या समाजास त्या बंदच्या काळात जाणवले. ग्रंथ लेखकाचा असतो. त्याविषयीचा विचार समाजाचा असतो आणि तो परीक्षणाच्या पानांवर वाढतो. म्हणून अशा नियतकालिकाचे जुने अंक म्हणजे केवळ कालची मते नव्हेत. एका पिढीने कोणते ग्रंथ उचलून धरले, कोणते दुर्लक्षिले आणि कोणत्या कारणांनी, याची ती रोजनिशी असते. ती जपण्याचे काम प्रामुख्याने ग्रंथालयांचे आहे, कारण व्यक्तीच्या कपाटाला एका आयुष्याची मर्यादा असते.

आता या नियतकालिकांचे मागील सर्व अंक संगणकावर उपलब्ध आहेत. व्यक्तीसाठी एक दर असतो आणि संस्थेसाठी दुसरा. संस्थेचा दर बहुधा तिच्या आकारमानावरून ठरतो. ग्रंथालयाच्या इमारतीत बसलेल्या वाचकास तेथील संगणकजालाच्या ओळखीवरून प्रवेश मिळतो. कित्येक ठिकाणी घरी बसलेल्या सभासदासही सभासद-क्रमांकावर तो दिला जातो.

या सोयीचे मोल आम्ही कमी लेखू इच्छीत नाही. एखाद्या लेखकाविषयी साठ वर्षांत काय काय लिहिले गेले हे पूर्वी पाहावयाचे तर साठ खंड खाली काढावे लागत, आणि ते साठही खंड असलेली ग्रंथालये आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतकी. आज तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थिनीस तेच काम एका दुपारी साधते. बडोद्याच्या वाचकांना तर यात आपल्याच परंपरेची खूण पटावी. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांस पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांची जी योजना आखली, तिच्यात फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या होत्या. लाकडी पेटीत पुस्तके भरून ती खेड्यात पाठवावयाची, तेथील लोकांनी वाचून परत करावयाची आणि दुसरी पेटी मागवावयाची. वाचक ग्रंथापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथाने वाचकापर्यंत जावे, हाच त्यामागचा विचार होता. १९१२ पासून निघालेले त्या खात्याचे 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तीन भाषांत मजकूर देत असे. ऑनलाइन संग्रह ही त्या पेटीचीच पुढची आवृत्ती आहे आणि तिचे स्वागत करण्यास सयाजीरावांच्या प्रजेच्या नातवंडांनी का कचरावे?

परंतु पेटीच्या बाबतीत एक गोष्ट निश्चित होती. पेटी खेड्यातून परत गेली तरी ती जेथे परत जाई ते मध्यवर्ती ग्रंथालय संस्थानाचे, म्हणजे प्रजेचे होते. पुस्तके कोणाची, याविषयी संदेह नव्हता. ऑनलाइन संग्रहाच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

छापील अंकाची वर्गणी आपण समजा वीस वर्षे भरली आणि एकविसाव्या वर्षी पैशाअभावी थांबविली, तर पुढचे अंक येणार नाहीत. मागचे वीस वर्षांचे अंक मात्र कपाटात राहतील. ऑनलाइन वर्गणी वीस वर्षे भरून एकविसाव्या वर्षी थांबविली, तर करारात वेगळे कलम नसल्यास पुढच्या अंकांबरोबर मागचेही जातात. भरलेल्या पैशांचा मागमूस ग्रंथालयात उरत नाही. या व्यवहारास आपण वर्गणी म्हणतो, पण त्याची लक्षणे भाड्याची आहेत. शब्द जुना राहिला आणि त्याखालची वस्तू बदलली. कार्यकारी मंडळांच्या टिपणांत मात्र दोन्ही रकमा एकाच शीर्षाखाली लिहिल्या जातात आणि बदल कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो सबळ आहे. भाडे देण्यात अनैतिक ते काय? करार उघड आहे, अटी लिखित आहेत, कोणी कोणास फसवीत नाही. शिवाय जागा, बांधणी, वाळवी, दमट हवा, कर्मचारी या सर्वांचा खर्च कागदाला असतोच. अमेरिकेतील 'जेस्टोर' या संस्थेचा उगम याच अडचणीत आहे. मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष विल्यम बोवेन हे डेनिसन विद्यापीठाचे विश्वस्तही होते. तेथील ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांच्या खंडांना जागा पुरेना आणि नव्या बांधकामाचा खर्च मोठा. तेव्हा जुने अंक एकदाच काळजीपूर्वक संगणकात घालावेत आणि अनेक ग्रंथालयांनी तो खर्च वाटून घ्यावा, अशा विचारातून १९९५ साली ती संस्था उभी राहिली. प्रकाशकांचे चालू उत्पन्न बुडू नये म्हणून बहुतेक नियतकालिकांची अलीकडची तीन ते पाच वर्षे संग्रहाबाहेर ठेवण्याची सरकती मर्यादा तिने घालून दिली. ही रचना विवेकी आहे हे मान्य केले पाहिजे.

मग दोष कोठे आहे? आमच्या मते तो करारात नसून ग्रंथालयाने स्वतःविषयी करून घेतलेल्या समजुतीत आहे. ग्रंथालय म्हणजे मोठ्या थैलीचा वाचक नव्हे. वाचकाची गरज आजची असते आणि भाड्याने ती भागते. ग्रंथालयावर मात्र दोन कर्तव्ये असतात. एक, आज दारात उभ्या असलेल्या वाचकाविषयीचे. दुसरे, अजून जन्मास न आलेल्या वाचकाविषयीचे. हा दुसरा वाचक सभेस हजर राहत नाही, तक्रार-पुस्तकात लिहीत नाही आणि निवडणुकीत मत देत नाही. त्याच्या वतीने बोलणारा कोणी नसल्यामुळेच त्याच्याविषयीचे कर्तव्य विश्वस्ताचे ठरते. भाडेकरूस घर वापरता येते, पण ते नातवाच्या नावे करून देता येत नाही. तद्वत ज्या ग्रंथालयापाशी केवळ प्रवेशाची परवानगी आहे, ते आजच्या वाचकाची सेवा करू शकते. उद्याच्या वाचकास ते काहीही वचन देऊ शकत नाही.

हे भय काल्पनिक आहे असे कोणास वाटू नये, म्हणून तीन घटना येथे नमूद करतो.

पहिली घटना न्यायालयातील आहे. 'न्यू यॉर्क टाइम्स विरुद्ध टॅसिनी' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, मुक्त लेखकांनी वृत्तपत्रास छापण्यासाठी दिलेले लेख त्यांच्या परवानगीवाचून संगणकीय संग्रहात घालणे हा त्यांच्या हक्काचा भंग आहे. हा निर्णय आम्हांस न्याय्य वाटतो. लेखकाने एका अंकासाठी दिलेला लेख मालकाने पुन्हा पुन्हा विकावा आणि लेखकास त्यातील काही मिळू नये, हे कोण मान्य करील? परंतु त्यानंतर जे घडले ते चिंतनीय आहे. पैसे देण्याऐवजी कित्येक लेख संग्रहातून काढून टाकण्याचा मार्ग पत्रकर्त्यांनी पत्करला. छापील अंक ज्या ग्रंथालयांत होते तेथे ते लेख जसेच्या तसे राहिले. ज्यांच्यापाशी केवळ संगणकीय प्रवेश होता, त्यांच्या संग्रहात त्या त्या दिवशीच्या अंकाला भोके पडली. एका पक्षाला न्याय मिळाला आणि त्या वादात नसलेल्या तिसऱ्याचे, म्हणजे वाचकाचे, नुकसान झाले. छापून वाटलेला अंक कोणासही परत बोलावता येत नाही, हा कागदाचा गुण त्या दिवशी कळला.

दुसरी घटना लंडनची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकव्यवस्थेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. जगातील अग्रगण्य ग्रंथालयांपैकी एकाची सूचीदेखील कित्येक आठवडे वाचकांस पाहता येईना आणि पुष्कळशा सेवा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. त्या काळात कपाटातील पुस्तके कपाटातच होती, पण ती कोठे आहेत हे सांगणारी यंत्रणा मूक झाली होती.

तिसरी घटना नेमकी उलट दिशेची आहे. 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मधील परीक्षणे १९७४ पर्यंत निनावी असत. व्हर्जिनिया वुल्फ आणि टी. एस. एलियट यांच्यासारख्यांनी तेथे नावाशिवाय लिहिले. पुढे त्या पत्राचा संगणकीय संग्रह तयार झाला तेव्हा कार्यालयात जपून ठेवलेल्या, परीक्षकांची नावे टिपलेल्या प्रतींच्या आधारे हजारो परीक्षणांस लेखकांची नावे जोडण्यात आली. अभ्यासकांवर हा मोठाच उपकार झाला. पण त्यात दोन गोष्टी दिसतात. संगणकीय संग्रह हा जुन्या अंकाचे निव्वळ प्रतिबिंब नसतो; त्यातून वजा होऊ शकते तशी त्यात भरही पडू शकते. आणि ही भर पडू शकली ती कोणीतरी कार्यालयात जुने कागद सांभाळले म्हणून. 'हे आता कोणाला लागणार?' असे म्हणून त्या प्रती रद्दीत दिल्या असत्या, तर कोणताही संगणक ती नावे सांगू शकला नसता.

निकोल्सन बेकर या अमेरिकन लेखकाची गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक मोठ्या ग्रंथालयांनी वृत्तपत्रांची सूक्ष्मचित्रे काढून घेतली आणि मूळ बांधीव खंड काढून टाकले. कागद लवकरच भुगा होणार, असे कारण सांगितले गेले. चित्रांत पाने गळली होती, रंगीत चित्रे काळी झाली होती आणि भुगा होणार असे म्हटलेला कागद बहुधा शाबूत होता. १९९९ साली ब्रिटिश लायब्ररी आपल्याकडील अमेरिकन वृत्तपत्रांचे खंड विकावयास निघाली, तेव्हा बेकर यांनी ते वाचविण्यासाठी एक छोटी संस्था काढून पदरचे पैसे घातले. २००१ साली त्यांनी या विषयावर 'डबल फोल्ड' हे पुस्तक लिहिले आणि २००४ साली तो संग्रह ड्यूक विद्यापीठाकडे गेला. ज्या संस्थांचे हे काम होते त्यांनी ते सोडले आणि एका कादंबरीकारास ते करावे लागले.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. आमचा वाद कागद विरुद्ध संगणक असा नाही. कागदालाही मरण आहे. मराठी मासिकांच्या जुन्या कागदाची काय दशा होते हे आपण सर्व जाणतो. पान उलटताना त्याचा तुकडा हातात येतो. संगणकीय प्रत करणे हे अशा अंकांचे आयुष्य वाढविण्याचे उत्तम साधन आहे. प्रश्न असा की, ती प्रत कोणाच्या ताब्यात आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९च्या सुमारास 'लॉक्स' नावाचा एक उपक्रम सुरू झाला. पुष्कळ प्रती असल्या म्हणजे वस्तू सुरक्षित राहते, असा त्या नावाचा आशय आहे. निरनिराळ्या ग्रंथालयांनी वर्गणी भरलेल्या ऑनलाइन नियतकालिकांच्या प्रती, प्रकाशकांच्या संमतीने, आपापल्या यंत्रांत ठेवावयाच्या. त्या यंत्रांनी एकमेकांशी ताडून पाहावयाचे. एका ठिकाणी प्रत बिघडली तर दुसरीवरून ती दुरुस्त करावयाची. म्हणजे संगणकाच्या जगातही जवळ बाळगणे शक्य आहे, फक्त ते मागून घ्यावे लागते. ताबा आणि परवानगी यांतील हा भेद कागदाहून महत्त्वाचा आहे.

आमची सारी नोकरी राज्य शासनाच्या महसूल खात्यात गेली. तेथील दप्तरखान्यात अभिलेखांचे वर्ग ठरलेले असतात. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवावयाचा, 'ड' वर्गाचा वर्षाने नष्ट करावयाचा आणि मधल्या वर्गांची मुदत नियमाने ठरलेली. सर्व काही ठेवता येत नाही हे सरकारी नोकरास फार लवकर कळते. म्हणून 'काहीही टाकू नये' असा उपदेश करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु कागद निकालात काढण्यापूर्वी आम्ही दोन प्रश्न विचारीत असू: याची दुसरी प्रत एखाद्या जबाबदार कार्यालयात निश्चित आहे काय? आणि हा कागद गेल्यावर कोणाचा हक्क शाबीत होणे अशक्य होईल काय? पहिल्याचे उत्तर 'आहे' आणि दुसऱ्याचे 'नाही' असे आल्याखेरीज सही करू नये, असा आमच्या वरिष्ठांचा दंडक होता.

हे दोन प्रश्न त्या ग्रंथालयाच्या दोन सूचनांस लावून पाहू. इंग्रजी समीक्षापत्राचे अंक जगभरच्या शेकडो ग्रंथालयांत कागदावर आहेत. प्रकाशकाने उद्या दार लावले तरी ते नाहीसे होणार नाहीत. अशा नियतकालिकाच्या बाबतीत भारतातील एका लहान ग्रंथालयाने प्रवेशावर समाधान मानणे, आणि त्या बदल्यात आपल्या सभासदांस कित्येक दशकांचे लेखन खुले करणे, हे कर्तव्यास धरून आहे. त्यासाठी अटी एवढ्याच असाव्यात की, ज्या वर्षांची वर्गणी भरली त्या वर्षांचे अंक वर्गणी थांबल्यावरही वाचता येतील असे कलम मागून पाहावे. ते न मिळाल्यास ही रक्कम भाड्याची आहे असे कार्यवृत्तात स्पष्ट लिहावे. आणि जवळ असलेले छापील अंक टाकू नयेत.

मराठी मासिकांची गोष्ट वेगळी आहे. १८६७ साली सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'ने सत्तर वर्षे ग्रंथचर्चा केली. १९४७ साली सुरू झालेले वाईचे 'नवभारत', १९८२ साली बंद पडलेली 'सत्यकथा', ही नावे मोठी आहेत आणि त्यांचे अंक जपणाऱ्या संस्था आहेत. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथून निघालेली आणि चार-दहा वर्षांत बंद पडलेली मासिके, संमेलनांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके, स्थानिक मंडळांची पत्रे यांचे काय? १९५४चा ग्रंथप्रदान कायदा आणि १९५६ची त्याची दुरुस्ती यांन्वये प्रकाशित ग्रंथ व नियतकालिके कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि अन्य तीन ग्रंथालयांस पाठविणे बंधनकारक आहे. पण दोनशे प्रती काढणाऱ्या मंडळाच्या चिटणीसास हा कायदा ठाऊक असेलच, असे नाही. अशा मासिकाची उरलेली एकमेव संपूर्ण मालिका कदाचित याच मागील खोलीत असेल. 'सारे काही संगणकावर मिळते' हे वाक्य लिहिणाऱ्याने त्या खोलीतील किती नावे संगणकावर शोधून पाहिली होती? जे कोणी संगणकात घातलेच नाही ते तेथून मिळणार कसे?

येथवर आपण ग्रंथालयाच्या वाचकांविषयीच्या कर्तव्याचा विचार केला. पण वर्गणी या शब्दात आणखी एक पक्ष आहे, तो म्हणजे नियतकालिक. इंग्रजी समीक्षापत्राचे आमच्या एका वर्गणीने काही बनत-बिघडत नाही. लहान मराठी मासिकाचे बनते आणि बिघडतेही. शंभर ग्रंथालयांची वार्षिक वर्गणी ही अशा मासिकाच्या संपादकास छापखान्याचा शब्द देता येईल एवढे बळ देते. तेच मासिक काही काळाने आपले अंक संगणकावर विनामूल्य ठेवते, आणि मग ग्रंथालयाचा चिटणीस म्हणतो की, फुकट मिळते तर वर्गणी कशास? हा युक्तिवाद हिशेबतपासनिसास पटेल, पण त्यात कृतघ्नता आहे. विनामूल्य वाचणे हा गुन्हा नाही. संपादकानेच दार उघडे ठेवले आहे. मात्र तो दिवा कोणाच्या तेलावर जळतो याची विचारपूस ज्याला शक्य आहे त्याने केली पाहिजे. शिकागोच्या 'पोएट्री' या मासिकाचे जुने अंक आज कोणीही विनामूल्य वाचू शकतो. पण २००२ साली रूथ लिली या धनवंत बाईंनी त्या मासिकाच्या संस्थेस दहा कोटी डॉलरच्या घरातील देणगी जाहीर केली होती, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे. वाचकास जे फुकट मिळते त्याचे पैसे कोणीतरी दिलेले असतात. मराठी मासिकांच्या पाठीशी अशा बाई नाहीत. त्यांच्या पाठीशी वर्गणीदार आहेत, किंवा कोणीही नाही.

केंद्र शासनानेही या क्षेत्रात मोठे पाऊल टाकले आहे, त्याचा उल्लेख केला पाहिजे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली आणि जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार संशोधनपत्रे, आणि सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्था असा तिचा विस्तार आहे. लहान गावच्या सरकारी महाविद्यालयास मोठ्या विद्यापीठाच्या पंक्तीस बसविणारी ही योजना आम्हांस स्वागतार्ह वाटते. परंतु जी विचारणा आम्ही लहान ग्रंथालयास केली तीच शासनासही केली पाहिजे: मुदत संपल्यावर, वाटाघाटी फिसकटल्यास, या देशाच्या ताब्यात नेमके काय राहील? रक्कम मोठी असल्याने भाड्याचे स्वामित्व होत नाही.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. महाराष्ट्राबाहेर जुन्या काळापासून नांदत असलेल्या आपल्या केंद्रांनी कामाची वाटणी करावी. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या नगरातून निघालेल्या मराठी नियतकालिकांची यादी करावी आणि त्या मालिका आपला 'अ' वर्ग समजून कायम ठेवाव्यात. दुसऱ्या केंद्राच्या मासिकांचे सुटे अंक आपल्याकडे असतील तर ते त्या केंद्रास देऊन टाकावेत. आज साध्या यंत्राने पानांची चित्रे घेता येतात. ती घ्यावीत आणि त्यांच्या प्रती निदान तीन गावी ठेवाव्यात. ज्यांचे स्वामित्वहक्क शिल्लक आहेत त्यांची परवानगी लेखी घ्यावी. लेखकाचा हक्क डावलून केलेले जतन शेवटी कसे भोकाभोकांचे होते हे वरील खटल्यात आपण पाहिले. आणि चालू मराठी मासिकांची वर्गणी, ती संगणकावर फुकट मिळत असली तरी, थांबवू नये. या सर्वास लागणारा पैसा अभ्यासिकेच्या एका वातानुकूलन यंत्राहून अधिक असेल, असे आम्हांस वाटत नाही.

अभ्यासिकेची गरज आम्ही नाकारीत नाही. स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारी मुले जिन्यावर बसून वाचतात हे आम्हीही पाहतो, आणि त्यांचा हक्क मोठा आहे. त्यांना जागा द्यावयाची तर सभागृहातील वापरात नसलेले व्यासपीठ आहे, वर्षातून चार वेळा उघडणारी कार्यकारी मंडळाची खोली आहे. आजच्या वाचकासाठी उद्याच्या वाचकाची खोली घेण्यापूर्वी पदाधिकाऱ्यांनी आपली खोली देऊन पाहावी.

त्या ग्रंथालयाच्या सभेत दोन्ही सूचनांवरील निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला आहे. मधल्या काळात मागील खोलीतील खंडांची यादी करावी, एवढे मंडळाने मान्य केले. यादी करण्यास दर शनिवारी दुपारी चार माणसे लागतील. या पत्रिकेच्या वाचकांपैकी ज्यांना धुळीचा त्रास नाही आणि मोडी वा जुनी बाळबोध अक्षरे वाचण्याचा सराव आहे, त्यांनी आपापल्या गावच्या ग्रंथालयातही अशीच विचारणा करून पाहावी. वर्गणी पैशाचीच असते असे नाही.